उद्घाटनाआधीचा डोळा

“शेडबाळे, एवढ्या लांबनं काय घेताय? जवळ या की! पाणी उडताना दिसलं पाहिजे!”

तात्यासाहेब इंगवल्यांनी नारळ डोक्याच्या वर उचलला आणि मी गुडघ्यांवर पुढं सरकलो. नारळाचा फोटो एरवी दोनच तऱ्हांनी निघतो. हातात धरलेला, नाहीतर दोन वाट्या झालेला. तात्यासाहेबांना फुटतानाचा हवा होता. आईच्या नावानं बांधलेल्या दवाखान्याचं उद्घाटन, दारात सनई, अंगात नवं जाकीट. माणसाच्या हौसेला अशा वेळी सीमा नसते.

पहिल्या आपटीला मी बटण दाबलं, पण नारळ फुटला नाही. भटजींनी शहाण्या माणसासारखं दुसरीकडं बघितलं. आमच्या हिवरतळ्यात नारळ एका आपटीत फुटला नाही तर कामात विघ्न येतं असं समजतात, आणि इथं अख्खा तालुका बघत उभा होता. तात्यासाहेबांचे कान लाल झाले. मी रोल पुढं सरकवायला कॅमेरा खाली घेतला. मला वाटलं, थांबतील. ते कशाला थांबतात! सगळा राग हातात गोळा करून त्यांनी नारळ दगडावर असा हाणला की सनईवाला सूर चुकला.

नारळ फुटला. टाळ्या झाल्या. करवंटीचा एक कपचा उडून माझा गाल ओरबाडत वर गेला आणि उजव्या डोळ्यात बसला.

“आला का फोटो?” तात्यासाहेबांनी विचारलं.

मी तोंडावर हात धरून खाली बसलो होतो. बोटांतून काहीतरी कोमट गालावर उतरत होतं. नाही आला, असं मी मानेनंच सांगितलं.

“मग दुसरा नारळ आणा रे!” तात्यासाहेब म्हणाले.

ही रोलच्या कॅमेऱ्याच्या काळातली गोष्ट. पद्मा फोटो स्टुडिओ हे आमचं दुकान, आणि त्यात मी आणि माझी बायको कांचन असे दोनच जण. फोटो मी काढायचा, फ्लॅश तिनं धरायचा, रोल तिनं भरायचा, अंधाऱ्या खोलीतलं काम दोघांनी मिळून करायचं. आत्ताही फ्लॅश घेऊन ती माझ्या मागंच उभी होती. तिनं माझा हात तोंडावरून बाजूला केला, बघितलं, आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. कांचनच्या तोंडून शब्द न फुटणं हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच अनुभवत होतो. तेव्हाच मला भीती वाटली.

लोक मात्र मदतीला धावले. आपल्याकडं डोळ्यात काही गेलं की जमलेला प्रत्येक माणूस डॉक्टर असतो. एकानं फुंकर मारायला तोंड पुढं आणलं. त्या तोंडाला तंबाखूचा वास होता. एकानं धोतराचा सोगा पिळून बुबुळ पुसायची तयारी केली. गुलाबपाणी कुणीतरी पूजेतलंच आणलं. बाळंतिणीचं दूध घालावं असं एका म्हातारबुवांनी सुचवलं, आणि दोघं तिघं खरोखरच गर्दीत बाळंतीण शोधायला निघाले. भटजी म्हणाले, “घाबरू नका. देवाच्या नारळाचा तुकडा आहे, प्रसादच तो.”

“हात लावू नका! कुणी हात लावू नका!” असं ओरडत डॉ. हर्डीकर गर्दीतून आत घुसले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. हे डोळ्यांचे डॉक्टर. पुण्याचे, तरुण, नवे नेमलेले. दवाखाना उघडायचा होता म्हणून तात्यासाहेबांच्याच आउटहाउसमध्ये राहून, त्यांच्याच घरचं जेवून, उद्घाटनाची वाट बघत होते. त्यांनी खिशातली बारीक बॅटरी काढली, माझी पापणी अलगद वर केली आणि बराच वेळ बघत राहिले.

“चोळू नका. दाबू नका. पाणीसुद्धा मारायचं नाही,” ते हळूच म्हणाले. “वरवरचं असेल तर काही नाही. पण आत गेलं असेल, तर उशीर करून चालणार नाही. मशीनवर बघायला हवं.”

“कुठंय मशीन?” कांचनला वाचा फुटली.

डॉक्टरांनी मागं वळून दवाखान्याकडं बघितलं, मग तात्यासाहेबांकडं, मग स्वतःच्या बुटांकडं.

आता ह्या दवाखान्याबद्दल थोडं सांगायला हवं. तात्यासाहेबांच्या आई शेवटी शेवटी आंधळ्या झाल्या होत्या, म्हणून त्यांनी डोळ्यांचा दवाखाना काढायचं ठरवलं. हेतू चांगला होता, मी नाही म्हणणार नाही. पण बांधकाम चालू असतानाच त्यांच्या मुलीचं लग्न झालं आणि जावई निघाले त्वचारोगाचे डॉक्टर. मग पाटीवर ‘नेत्र’च्या पुढं ‘व त्वचा’ असं घालून घेतलं. जागा कमी असल्यानं ‘त्वचा’ जरा चेंगरली होती. इमारतीचे डावे उजवे असे दोन भाग झाले. डावीकडं डोळे, उजवीकडं कातडी. कातडीचं उद्घाटन लेकीच्या हस्ते सकाळच्या मुहूर्तावर झालंही होतं. डोळ्यांचं व्हायचं होतं मंत्रीसाहेबांच्या हस्ते, आणि मंत्रीसाहेब वाटेत होते. सकाळपासून वाटेतच होते.

“तात्यासाहेब,” डॉक्टर म्हणाले, “यांना आत न्यायला लागेल.”

“न्या की! आपलाच दवाखाना आहे,” तात्यासाहेब म्हणाले. आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं. “आत म्हणजे, कुठल्या आत?”

“मशीनजवळ. नेत्र विभागात.”

तात्यासाहेबांनी डॉक्टरांच्या खांद्यावर हात टाकला. समजूत काढायची असली की ते असाच हात टाकायचे. एकदा तो हात खांद्यावर पडला की माणूस उंचीनं कमी व्हायचा.

“डॉक्टर, साहेबांच्या हस्ते फीत कापायची आहे. मग साहेब मशीनला हार घालणार. मग पहिल्या पेशंटचा डोळा स्वतः मशीनमधनं बघणार. पेपरवाले आलेत. आता तुम्हीच सांगा, ह्यांचा डोळा आधी बघितला, तर साहेब बघतील तो कितवा होईल?”

हिशोब बिनचूक होता.

“मग आम्ही मिरजेला जातो,” कांचन म्हणाली. मिरज म्हणजे आमच्याकडं दुखण्याची राजधानी. तिथं मोठमोठे दवाखाने आहेत आणि आमच्या गावातून रस्ता सरळ.

तात्यासाहेबांनी तिच्याकडं असं बघितलं की जणू ती त्यांच्या मातोश्रींबद्दल काहीतरी वाकडं बोलली. “वहिनी, आज? दवाखान्याच्या उद्घाटनादिवशी इथला पेशंट मिरजेला? आवं, विरोधक हसतील की! आणि जाणार कशानं? समद्या जीपा साहेबांना आणायला फाट्यावर गेल्यात. जरा दम धरा. साहेब आले की फीत कापली, आणि फीत कापली की लगेच तुमचा नंबर.”

“अहो, पण डोळा आहे तो!”

“म्हणून तर डोळ्यांचा दवाखाना काढलाय,” तात्यासाहेब म्हणाले.

असा मी अडकलो. इथं तपासता येत नव्हतं आणि दुसरीकडं जाता येत नव्हतं.

त्यातून वाट काढली ती गुरव सरांनी. हे संस्थेचे सचिव, निवृत्त मुख्याध्यापक, आणि कुठल्याही पेचात नियमाला धक्का न लावता काहीतरी करून दाखवायची त्यांची ख्याती होती. त्यांनी माझ्या गालाकडं निरखून बघितलं.

“तात्यासाहेब, ह्यांच्या गालाला पण लागलंय. गाल त्वचेत येतो. त्वचा विभाग सकाळीच चालू झालाय.”

तात्यासाहेबांचा चेहरा उजळला. मला सन्मानानं उजव्या बाजूला नेण्यात आलं. डॉ. रणधीर, म्हणजे जावईबापू, सकाळपासून पेशंटची वाट बघत एकटेच बसले होते. त्यांनी मला नव्या कोऱ्या खुर्चीत बसवलं, माझ्या गालावरचा ओरखडा भिंगातून बघितला, औषधानं धुतला, मलम लावलं, पट्टी मारली, पट्टीच्या कडा दाबल्या, मागं होऊन बघितलं आणि पुन्हा दाबल्या. इतक्या प्रेमानं माझ्या गालाची चौकशी आजवर कुणी केली नव्हती. त्याच्या अर्ध्या बोटावर डोळा होता. त्यातून पाणी गळून पट्टी भिजत होती.

“डाग राहणार नाही,” डॉ. रणधीर म्हणाले.

“आणि वरचं?” कांचननं विचारलं.

“वरचं हर्डीकरांकडं,” ते म्हणाले. “पापणीच्या केसांपर्यंत मी.”

मी डावा डोळा हातानं झाकला आणि उजव्यानं समोर बघायचा प्रयत्न केला. कांचन पिवळी साडी नेसली होती. साडी दिसली. तिचं तोंड असायला हवं तिथं दुधासारखा पांढरा धब्बा होता. मी हात काढला, तोंड परत आलं. पुन्हा झाकला, पुन्हा गेलं. फोटोग्राफरचा उजवा डोळा म्हणजे त्याचा कमावता डोळा. कॅमेऱ्याची काच बनवणाऱ्यानं ती त्याच डोळ्यासाठी बनवलेली असते. डाव्यानं बघायला गेलं की नाक आडवं येतं, अंगठा चुकतो, चौकट वाकडी होते. आणि धंद्याचं एक वेळ राहू द्या. कांचनचं तोंड अर्धंच दिसणार असेल तर मला ते चालणार नव्हतं.

“कांचन,” मी म्हटलं, “मला तू दिसत नाहीस.”

तिनं माझ्या गळ्यातून कॅमेरा काढून घेतला आणि बाहेर गेली. मीही तिच्यामागं भिंत धरत गेलो.

तात्यासाहेब मंडपाच्या दाराशी फाट्याकडं डोळे लावून उभे होते. आम्हाला बघून म्हणाले, “झाली का पट्टी? छान. आता शेडबाळे, साहेब आले की गाडीतनं उतरतानाचा पहिला. डावा डोळा हाय की अजून. चुकवू नका.”

कांचननं कॅमेरा पुढं धरला. कॅमेऱ्याच्या पाठीला झाकण असतं. रोल आत असताना त्याला कधी हात लावायचा नाही, हे आमच्या घरात लहान मूलही शिकतं. तिनं त्या झाकणाच्या खटक्यावर अंगठा ठेवला.

“तात्यासाहेब, ह्याच्यात काय काय आहे सांगू? मातोश्रींच्या पुतळ्याचं अनावरण. तुमची जोडीनं पूजा. ताईसाहेबांनी कापलेली फीत. पहिल्या आपटीचा नारळ. सगळं ह्या एका रोलवर आहे. हे झाकण उघडलं आणि रोलला ऊन लागलं की पुतळ्यासकट सगळं जळणार. राहील नुसता काळा.”

तात्यासाहेबांनी आयुष्यात अनेक मोर्चे परतवले होते. साखर कारखान्याचा घेराव त्यांनी खुर्चीवर बसून, शेंगा खात परतवला होता. पण आईचा पुतळा पुन्हा झाकायचा आणि पुन्हा उघडायचा, हे त्यांना कल्पनेतही सोसेना.

“वहिनी, अंगठा काढा आधी.”

“डोळा बघा आधी.”

“गुरव सर!” तात्यासाहेबांनी हाक मारली. आवाज जरा चिरका निघाला.

गुरव सर धावत आले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, चष्मा पुसला, आणि म्हणाले, “फीत कापायची नाही एवढंच ना? मग खालनं जाता येईल.”

आणि आम्ही खालून गेलो. नेत्र विभागाच्या दारावर कमरेएवढ्या उंचीवर लाल रेशमी फीत बांधली होती, मधोमध फूल. गुरव सरांनी ती दोन बोटांनी जरा वर धरली. आधी डॉ. हर्डीकर वाकून गेले, मग मी, मग कांचन. मला डोकं खाली घालायची भीती वाटत होती, म्हणून मी मान ताठ ठेवून बसूनच सरकत आत शिरलो. बाहेर फराळाच्या रांगेतल्या लोकांना वाटलं, हा उद्घाटनाचाच काही विधी असेल. एकदोघांनी नमस्कार केला.

आत खुर्चीवर हौसाबाई बसल्या होत्या. ह्या पहिल्या पेशंट. मोतीबिंदू पिकलेला, नऊवारी कडक इस्त्रीची, कपाळावर ठसठशीत कुंकू. साहेबांनी विचारलं की काय बोलायचं, ते त्यांच्याकडून दोन दिवस घोकून घेतलेलं होतं. आमची चाहूल लागली तशा त्यांनी हात जोडले आणि सुरू केलं, “साहेब, तुमच्या रूपानं मला देव दिसला…”

“हौसाबाई, साहेब नाहीत, मी हर्डीकर.”

“मग किती येळ बसवताय मला? सकाळधरनं लगवीला जाऊ दिलं न्हाई.”

“जा ना, आत्ता जा.”

“ते गुरव मास्तर म्हनलं, उठायचं न्हाई. खुर्ची सोडली तर दुसरं कुनी बसंल.”

“दुसरा आलाच आहे,” डॉक्टर म्हणाले. म्हातारीनं माझ्या दिशेनं तोंड केलं. तिला काय दिसलं देव जाणे, पण ती चटकन उठली आणि भिंत चाचपत निघाली. माझ्यासाठी उठली की स्वतःसाठी, हे मी अजून ठरवलेलं नाही. दोन्ही कारणं तातडीचीच होती.

मशीनलाही फीत होती. डॉक्टरांनी ती न सोडता वरच्या वर अलगद काढून ठेवली. मी हनुवटी टेकवली. प्रकाशाची एक फट डोळ्यावर आली. डॉक्टर बघत राहिले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तो थांबला तेही ऐकू आलं.

“बुबुळ फाटलंय,” ते म्हणाले. “तुकडा आरपार आत गेलाय. टाके घालायला पाहिजेत. लगेच.”

“मग घाला,” कांचन म्हणाली.

डॉक्टर मशीनमागून उठेनात.

“डॉक्टर, तुम्हाला येतात ना घालायला?”

“येतात हो. तेच तर शिकलोय मी,” ते म्हणाले. मग त्यांनी उठून ऑपरेशन थिएटरचं दार उघडून दाखवलं. तिथंही फीत होती, पण आता फितीचं आम्हाला काही वाटत नव्हतं. आत टेबल होतं. टेबलावर दिवा होता. दिव्यावर झेंडूची माळ होती. भिंतीपर्यंत पांढरीशुभ्र फरशी, आणि दुसरं काही नाही. कपाट उघडं होतं, कपाटात नारळ ठेवले होते.

“हत्यारं? सुई, दोरा?”

“उद्घाटनानंतर येणार आहेत,” डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. “मी तीनदा म्हटलं होतं. आधी मंडप ठरला.” त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांचे दोन्ही चांगले होते, तरी मला त्यांचीच दया आली. मग त्यांनी पाहुण्यांच्या सरबताचा एक प्लास्टिकचा पेला मागवला, तो माझ्या डोळ्यावर पालथा ठेवून चिकटपट्टीनं घट्ट बसवला आणि म्हणाले, “आता मिरज. कुणाचं काही ऐकू नका. मी चिठ्ठी देतो. गाडीत पडून राहा, खोकू नका, वाकू नका.”

गाडी एकच होती. दवाखान्याची रुग्णवाहिका. नवी कोरी, झेंडूच्या माळांनी नटलेली, चाकाखाली लिंबू. तिला मंत्रीसाहेब हिरवी झेंडी दाखवणार होते. कांचननं मला तिच्यात झोपवलं आणि ड्रायव्हरला चल म्हणाली. ड्रायव्हर नामदेव स्टिअरिंगला हात लावायला तयार नव्हता. पण तेवढ्यात फाट्याकडून भोंगे ऐकू आले, धूळ उडाली, सनईवाल्यानं दम घेतला आणि मंत्रीसाहेब आले.

मी आडवा पडून मागच्या काचेतून डाव्या डोळ्यानं बघत होतो. साहेबांच्या गळ्यात हार पडले. तात्यासाहेब त्यांच्या कानाला लागले, आणि दोघंही आमच्या गाडीकडं आले. गुरव सरांनी मागचं दार उघडलं.

“हा आपला पहिला अपघाती रुग्ण, साहेब,” तात्यासाहेब म्हणाले. “सकाळी डोळ्याला इजा झाली. आपल्या डॉक्टरांनी तत्काळ मशीनवर तपासलं. त्वचा विभागानं तत्काळ पट्टी केली. आता पुढच्या उपचारासाठी तत्काळ रवानगी.”

“वा!” साहेब म्हणाले. त्यांनी माझा हात हातात घेतला. “काय नाव?”

“माणिक शेडबाळे.”

“काय करता?”

“फोटो काढतो.”

“वा!” साहेब पुन्हा म्हणाले, आणि माझा हात न सोडता लोकांकडं वळून भाषण सुरू केलं. ह्या तालुक्यातल्या एकाही माणसाला आता उपचारासाठी वणवण करावी लागणार नाही, असं ते म्हणाले. भाषण चांगलं होतं. ते संपेपर्यंत माझा हात त्यांच्या हातात होता आणि पेल्याच्या कडेतून पाणी झिरपत माझ्या कानात जात होतं. दोनदा मी ‘साहेब, डोळा’ असं म्हटलं. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या.

अखेर झेंडी हलली. नामदेवनं लिंबू चिरडलं, भोंगा सुरू केला आणि गाडी फाटकातून बाहेर पडली. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून हात हलवत होते. कांचननं माझा हात घट्ट धरला. “निघालो बघा,” ती म्हणाली, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा रडली. मीही डाव्या डोळ्यानं रडलो. उजव्यातून काय येत होतं ते मला कळत नव्हतं.

गाडी बाजारपेठेतून गेली, मारुतीच्या देवळाला वळसा घातला, दूध डेअरीवरून आली, आणि भोंगा बंद करून एका फाटकातून आत शिरली. मी काचेतून बघितलं. दवाखान्याचं मागचं फाटक.

“अहो, इथं कुठं?” कांचन किंचाळली.

नामदेव ओशाळला. “वहिनी, मला एवढंच सांगितलंय. झेंडी दाखवली की गावातनं एक फेरी मारायची आन् मागनं आत घ्यायची. जेवणानंतर साहेबांसंगं समद्या डायरेक्टरांचा गाडीम्होरं फोटो हाय. माळा वाळल्या न्हाई पायजेत.”

फोटो म्हटल्याबरोबर गुरव सर मागच्या दारातून पळत येताना दिसले. “वहिनी! वहिनी, बरं झालं आलात. साहेब हौसाबाईंचा डोळा बघतायत. तेवढा एकच फोटो राहिलाय. पेपरवाल्याचा कॅमेरा बिघडलाय. शेडबाळे पडून राहू देत, तुम्ही काढा, तुम्हाला येतो. एकच!”

कांचन गाडीतून उतरली. कॅमेरा तिच्या गळ्यातच होता. मागच्या अंगणात भर दुपारचं लख्ख ऊन होतं. फोटोला इतकं चांगलं ऊन मिळत नाही. ती त्या उन्हात मधोमध जाऊन उभी राहिली, खटका दाबला, झाकण उघडलं आणि रोलचं टोक धरून ओढायला लागली. हातभर, दोन हात, चार हात. रोल तिच्या पायाशी वेटोळी घालत पडत होता. मातोश्रींचा पुतळा, पूजा, फीत, नारळ, सगळं उन्हात जात होतं. गुरव सर दोन्ही हात पुढं करून उभे होते. त्यांना कुठलाच नियम आठवत नव्हता.

“घ्या,” रिकामी डबी त्यांच्या हातात ठेवून ती म्हणाली. “साहेबांना द्या.”

मिरजेला आम्ही द्राक्षांच्या टेम्पोतून गेलो. टेम्पोवाला अनोळखी होता. त्यानं काही विचारलं नाही, पुढं जागा करून दिली, आणि रस्त्यातले खड्डे असे चुकवत नेले की जणू मागं द्राक्षं नसून आरसे भरले होते.

डोळा राहिला. नजर राहिली नाही. आज त्या डोळ्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. दवाखाना अजून आहे. आता तिथं सुई दोरा आहे आणि टाके घालणारेही आहेत. हर्डीकर तिथं राहिले नाहीत. मी डाव्या डोळ्यानं फोटो काढायला शिकलो. नाक अजून आडवं येतं. उद्घाटनाची कामं मात्र मी घेत नाही.

मला त्या दिवसातलं सगळ्यात लख्ख आठवतं ते मिरजेच्या दवाखान्यातलं टेबल आणि त्या मोठ्या डॉक्टरीणबाई. पांढरे केस, चष्मा कपाळावर. हर्डीकरांची चिठ्ठी वाचायच्या आधीच त्यांनी पेला काढला, डोळा बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“कधी लागलं हे?”

“सकाळी,” मी म्हटलं.

“सकाळी? मग दिवसभर होतात कुठं? एवढ्या वेळात डोळ्यातलं सगळं पाणी वाहून गेलंय. कुणाला दाखवायचं सुचलं नाही? कुठं होतात?”

“डोळ्यांच्या दवाखान्यात,” मी म्हटलं.

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, कुठं टेंगूळ लागतंय का ते चाचपलं, आणि कांचनला हळूच विचारलं, “यांच्या डोक्यालाही मार बसलाय का?”

“नाही हो,” कांचन म्हणाली. “खरंच तिथंच होतो आम्ही. पण उद्घाटन व्हायचं होतं.”

बाई हात धुवायला गेल्या.